गोव्यात सेल्सची नोकरी: सुट्ट्या विकायच्या, पॉलिसी की औषधं?

बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालं, सरकारी जाहिरात कधी निघेल याचा पत्ता नाही, बोटीवर, म्हणजे जहाजावरच्या नोकरीला, पाठवायला घरचे तयार नाहीत. अशा वेळी गोव्यात ज्या ऑफर चटकन हातात पडतात त्यातल्या बऱ्याचशा सेल्सच्या असतात. तीन प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. कांदोळी-कळंगुट-पर्वरी पट्ट्यातली हॉलिडे मेंबरशिप (आज पैसे भरा, पुढची अनेक वर्षं सुट्टीत राहा) किंवा व्हिला विकणारी कंपनी, खासगी बँकेतली किंवा विमा कंपनीतली 'रिलेशनशिप' नावाची जागा, आणि औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा प्रतिनिधी. मी औषधांच्या लाइनीतला. पण बरोबरीचे मित्र बाकीच्या दोन्हीकडे आहेत, आणि मुलाखती घ्यायला बसलं की तिकडून सुटून आलेली मुलं समोर असतातच.

'प्रेशर कुठे कमी?' असं सगळे आधी विचारतात. तो प्रश्न सोडून द्या. टार्गेट तिन्हीकडे आहे, महिनाअखेरीला तिन्हीकडे तोंडचं पाणी पळतं. फरक दोन ठिकाणी पडतो: ज्याला विकलं तो माणूस तुम्हाला पुन्हा भेटणार आहे का, आणि कमावलेला इन्सेंटिव्ह तुमच्या खिशात राहतो का.

सुट्ट्या आणि व्हिला

किनाऱ्यावर स्क्रॅच कार्ड देणारी पोरं जुन्या लोकांना आठवत असतील. चार्टर विमानांनी येणारे ब्रिटिश पर्यटक तेव्हा गिऱ्हाईक होते. आता दिल्ली, गुजरात, हैदराबाद, बंगळुरूची कुटुंबं आहेत, आणि कार्डाऐवजी 'तुम्हाला मोफत डिनर लागलंय' असा फोन जातो. बाकी पद्धत तीच. जोडप्याने दोघांनी मिळून यायचं ही अट, म्हणजे 'घरी विचारून सांगतो' म्हणायला जागा नको.

हॉलमध्ये गोल टेबलं. समोर नवरा-बायको, तुम्ही, एक कोरा कागद आणि जाड पेन. कागदावरचे आकडे उलटे लिहायला शिकवतात, म्हणजे समोरच्याला ते सुलटे दिसतात. पुढच्या २५ वर्षांत हॉटेलांवर किती खर्च होईल याची बेरीज गिऱ्हाइकाकडूनच करून घ्यायची. तासाभराने मॅनेजर येऊन बसतो, याला क्लोजर म्हणतात, आणि 'आज सही केलीत तरच' असा भाव काढतो. कुठल्या तरी टेबलावर सही झाली की टाळ्या आणि मोठ्याने गाणं. ते त्या जोडप्यासाठी नसतं, शेजारच्या टेबलासाठी असतं. दर वर्षी भरायची देखभाल फी सगळ्यात शेवटी येते, तीही घाईत.

हे काम येतं त्याला ते फार लवकर येतं. इंग्रजी-हिंदी सफाईदार होते, अनोळखी माणसाला डोळ्यांत बघून पैसे मागायची भीड मोडते. हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, चांगल्या मुलाच्या हातात इतर कुठल्याही फ्रेशरपेक्षा जास्त पैसे येतात. पण ते पैसे कच्चे असतात. जोडपं विमानतळावर पोचेपर्यंत डोकं थंड होतं, घरी जाऊन कार्डाचा हप्ता बघतात आणि रद्द करतात. मग दिलेला इन्सेंटिव्ह पुढच्या पगारातून कापतात. डिसेंबरात नवी बाईक घेतलेला मुलगा फेब्रुवारीत हप्त्यासाठी उसने मागताना मी पाहिला आहे. जून लागला की 'परफॉर्मन्स'च्या नावाखाली टीम छाटायला सुरुवात.

व्हिलाचं काम याच पट्ट्यातलं असलं तरी जात वेगळी. इथे महिनोन्‌महिने काही होत नाही आणि मग एक सौदा लागतो. आसगाव, शिवोली, साळगाव, आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाल्यापासून पेडण्याचा भाव तर विचारू नका. कायद्याची चौकटही इथे बरी आहे: २०१६ च्या रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याखाली प्रकल्पाची नोंदणी लागते, एजंटचीही लागते, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कंपनी तुम्हाला त्याहून जास्त 'बुकिंग'चा चेक आणायला पाठवत असेल, तर उद्या भांडण झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये नंबर तुमचा सापडणार आहे, डायरेक्टरचा नाही.

आणि एक गोष्ट मुलाखतीत कुणी काढणार नाही. साइट व्हिजिट रविवारी असतात, ग्रामसभाही रविवारीच. नगरनियोजन कायद्यातली १७(२) आणि ३९-अ ही कलमं, त्याखाली झालेले झोन बदल, कापलेले डोंगर, यावरून गावोगाव लोक तापलेले आहेत. तुमच्याच गावाच्या डोंगरावरचा प्रकल्प दिल्लीच्या माणसाला दाखवून परतताना चुलता ग्रामसभेत त्याच प्रकल्पाविरुद्ध हात वर करून उभा असू शकतो. हे तुम्हाला झेपणार का, ते तुम्हीच ठरवायचं. मला झेपलं नसतं.

बँक आणि विमा

लग्नाच्या बाजारात 'बँकेत आहे' याला अजून वजन आहे, म्हणून घरचे खूश होतात. आधी बघा, तुम्ही बँकेच्या पगारपत्रकावर आहात की मधल्या एजन्सीच्या. गळ्यात पट्टा बँकेचा, टेबल शाखेतलं, पण नेमणूकपत्रावर नाव भलत्याच कंपनीचं, असं सर्रास असतं. याला 'ऑफ रोल' म्हणतात. ऑफ रोल असाल तर ही तुलना तुमच्यासाठी इथेच संपवा आणि पुढच्या भागाकडे जा.

ऑन रोल असाल तर काम असं: सकाळी नऊला हडल, म्हणजे उभ्या उभ्या टीमची मीटिंग: आज किती अकाउंट, किती 'लॉगिन', म्हणजे किती अर्ज भरून घेतले. दिवसभर फोन आणि फिरती, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडे. शून्य असेल तर सगळ्यांसमोर खरडपट्टी. जून २०२३ मध्ये एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याचा ऑनलाइन मीटिंगमध्ये हाताखालच्या लोकांवर ओरडतानाचा व्हिडिओ देशभर फिरला आणि बँकेने त्याला निलंबित केलं. बाहेरच्यांना धक्का बसला. आतल्यांना फक्त याचंच नवल वाटलं की कुणी रेकॉर्ड केलं.

गोव्यात या लाइनीला एक मोठा आधार आहे. आखातातल्या, बोटीवरच्या, लंडनच्या माणसांचे पैसे इथे येतात, ठेवी भरपूर असतात. एनआरआय घरांशी नीट वागलात तर पुढच्या तीन नोकऱ्या त्या ओळखीवर मिळतात. पण टार्गेट नुसत्या ठेवींवर भागत नाही, विमा विकावाच लागतो, आणि तिथे पहिल्या आठवड्यातच ट्रेनर वही काढायला लावतो: ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहा. मामा, मावशी, वर्गमित्र, वाड्यावरचे. पहिले तीन महिने यादीवर निघतात. यादी संपली की खरी नोकरी सुरू होते, आणि बरीच मुलं नेमकी तेव्हाच बाहेर पडतात. यादी मात्र कंपनीकडे राहते.

दर वर्षी प्रीमियम भरायची पॉलिसी 'एफडीसारखीच आहे' म्हणून मावशीला दिली, तर दुसऱ्या वर्षी हप्त्याचा मेसेज आला की मावशी तुम्हाला शोधत येणार. हॉलिडे मेंबरशिपवाल्याचं गिऱ्हाईक विमानाने गेलं ते गेलं. तुमचं गिऱ्हाईक जत्रेत भेटतं, चवथीला, म्हणजे गणपतीत, घरी येतं, बारशाला शेजारच्या पाटावर बसतं. नियमांनी गिऱ्हाइकाची बाजू आता भक्कम केली आहे: २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पूर्वी ही मुदत साधारणपणे १५ दिवसांची होती. गिऱ्हाइकासाठी उत्तम. तुमचा इन्सेंटिव्ह या ३० दिवसांआधी मिळतो की नंतर, आणि वर्षभराने हप्ता भरला नाही तर त्यातला किती परत जातो, हे विचारूनच सही करा.

औषधं

माझ्या लाइनीचं कौतुक आवरतं घेतो, कारण यातही रडगाणी कमी नाहीत. पावसात बाईकवर, पाठीला बॅग, दिवसाला दहा-बारा डॉक्टर आणि काही मेडिकल. डॉक्टर दोन मिनिटं देतात, त्यासाठी तासभर बाकावर बसायचं. म्हापशाला शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा नाही, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ओपीडी संपायची वाट बघायची. हेडक्वार्टर पणजी किंवा मडगाव, आणि गोवा लहान म्हणून अनेक कंपन्या सावंतवाडी-कुडाळ-कणकवलीही गळ्यात बांधतात. मोबाइलमधलं अ‍ॅप तुम्ही कुठे उभे आहात ते साहेबाला सांगत असतं. महिनाअखेरीला आकडा भरायला स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, माल टाकायचा आणि चार महिन्यांनी तोच माल एक्स्पायरी होऊन परत घ्यायचा, हा या धंद्यातला जुना रोग आहे. नव्या मुलाने पहिल्या महिन्यापासून त्याला नाही म्हणायला शिकावं.

मग बरं काय? डॉक्टर तोच, दर महिन्याला. त्यामुळे खोटं बोलून एकदाच विकता येतं. सलग दोन वर्षं त्याच दारात जायचं तर उत्पादन समजून घ्यावंच लागतं. भेटवस्तू आणि सहलींच्या जिवावर चालणारं काम मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने कागदावर तरी बंद केलं आहे. मोफत सॅम्पलांवरही मर्यादा आली. म्हणजे बोलता येणाऱ्या मुलाची किंमत थोडी वाढली. तिसरं, एमआर लोकांसाठी १९७६ पासून स्वतंत्र कायदा होता, नेमणूकपत्र आणि रजेचा हक्क त्यात लिहिलेला होता. तो आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे, पण विक्री संवर्धन कर्मचारी ही ओळख तिथेही टिकली आहे. युनियनही या लाइनीत आहे. मेंबरशिपच्या हॉलमध्ये हा शब्द उच्चारून बघा.

इथली खरी अडचण बढतीची आहे. गोव्यात मॅनेजरच्या जागा मोजक्या. तिशीच्या आत कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला जायची तयारी नसेल तर त्याच बॅगेसह चाळिशी गाठाल. मानकुराद आंबा आणि चवथ सोडून कुठे जायचं, असं म्हणणारे माझे अनेक मित्र आजही तिथेच आहेत, आणि ते दुःखी आहेत असंही नाही.

पैशांचा हिशेब

पत्रावरचा वर्षाचा आकडा विसरा. समजा पत्रात वर्षाला ३,६०,००० लिहिलंय, म्हणजे महिना ३०,०००. त्यातले ९,००० 'व्हेरिएबल', म्हणजे टार्गेट गाठलं तरच मिळणारे, असतील तर खात्रीचे राहिले २१,०००, त्यातून पीएफ गेला, आणि बाईकचं पेट्रोल कंपनी देत नसेल तर तेही गेलं. तुलना करायची ती टार्गेट शून्य टक्के झालेल्या महिन्याची. त्या महिन्यात घर चालतं का? एमआरच्या नोकरीत प्रवासभत्ता वेगळा असतो म्हणून तो महिना निभतो. मेंबरशिपच्या कंपनीत तो महिना म्हणजे नोटीसच.

सुट्टीचंही बघून घ्या. बँकांचं सहामाही क्लोजिंग सप्टेंबरअखेर, चवथीच्या आगेमागेच. मार्चएंडला शिगमो, म्हणजे गोव्यातला होळीचा सण. मेंबरशिप आणि व्हिलावाल्यांना नाताळ ते नववर्ष हा आठवडा म्हणजे लढाई. एमआरला त्यातल्या त्यात चवथीचे दोन-तीन दिवस मिळतात, कारण डॉक्टरच दवाखाना बंद ठेवतात.

माझं मत विचाराल तर सायन्स किंवा फार्मसी झालेल्याने आधी औषधं बघावीत. कॉमर्सवाल्याने ऑन रोल बँक मिळाली तर घ्यावी, पण नातेवाइकांच्या यादीत फक्त टर्म इन्शुरन्सपुरतं (मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) जावं. मेंबरशिपची कंपनी त्याच्यासाठी, ज्याच्या घरी दुसरा पगार येतो आणि ज्याला एका हंगामात विकायला शिकून निघायचं आहे. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे त्याने तिथे जाऊ नये, वरचा आकडा कितीही मोठा दिसला तरी.

तिन्हीकडे सही करण्याआधी इन्सेंटिव्हची पॉलिसी लेखी मागा, ईमेलवर. बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, असेल तर नीट वाचा. 'बाँडला कोर्टात किंमत नाही' असं मित्र सांगतात, पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बाँड ग्राह्य धरला. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. आणि जिथे जाणार आहात तिथून गेल्या सहा महिन्यांत सोडून गेलेल्या एखाद्याला चहाला बोलवा, त्याला इतकंच विचारा की शेवटचा इन्सेंटिव्ह मिळाला का.