लाकडी पेनांसाठी सीए फिनिशचं किट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सुरुवात झाकणापासूनच करतो. सीए म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, आपला सुपरग्लू; लेथवर कातलेल्या लाकडी पेनावर त्याचे थर देऊन चकाकी आणतात. किटमध्ये काय येतं ते इथे सगळ्यांना पाठ आहे: पातळ सीए, मध्यम सीए, ते झटपट घट्ट करणारा अ‍ॅक्टिव्हेटरचा स्प्रे आणि घासून चकाकी आणायचे १५०० ते १२००० ग्रिटचे (आकडा मोठा तितके बारीक) मायक्रो-मेश तुकडे. त्यावर नवीन काही सांगण्यासारखं नाही.

झाकणावर आहे. पातळ सीएच्या बाटलीचं झाकण दोन-चार वापरांतच असं चिकटतं की पकडीने पिळलं तर झाकण तसंच राहतं आणि नोझल तुटतं. सीए घट्ट होतं ते हवेतल्या ओलाव्यामुळे, हे बनवणाऱ्याला माझ्याआधी माहीत असणार. मग आट्यांमध्ये थेंब साचून राहील असं झाकण द्यायचंच कशाला? साडेचारशेची बाटली, निम्मी आतल्या आत दगड झालेली. सव्वादोनशे रुपये पाण्यात. फोटोसकट तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘उत्पादन थंड व कोरड्या जागी ठेवावे.’ अहो, कुडाळात जुलै महिन्यात कोरडी जागा एकच, गॅसवरचा तवा. आणि तो थंड नसतो.

मग उरला फ्रीज. न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये जास्त टिकते हे खरंच आहे. फक्त बाहेर काढल्याकाढल्या उघडायची नाही. गार बाटलीला दव धरतं, आणि तेच तिचा घात करतं. खोलीइतकी कोमट होऊ द्यायची. आमच्याकडे अडचण वेगळीच निघाली. आईने दार उघडलं आणि म्हणाली, “आगळाच्या बाटलीबाजूक ह्यां विख कित्याक ठेवलस?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गोळ्यांच्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट, सगळ्यात खालच्या कप्प्यात असतात.

वापरात असलेल्या बाटलीचं तंत्र असं: काम झालं की ती उभी धरून बूड टेबलावर हलकेच आपटायचं, म्हणजे नोझलमधलं सीए खाली उतरतं. टोक पुसायचं, आट्यांना व्हॅसलीनचं बोट फिरवायचं, मग झाकण. असं केलं की झाकण निघतं. पण एवढे सोपस्कार गिऱ्हाइकाने का करायचे?

जूनअखेर मी याला दोन तारे दिले होते. त्याला झाकणाशिवाय आणखी एक कारण होतं. पावसात केलेल्या पेनांवर पांढुरकी भुकटी धरायची. ओल्या हवेत सीए फार भराभर घट्ट होतं, त्यात वरून अ‍ॅक्टिव्हेटर मारला की थर ढगाळतो, आणि उडालेली वाफ परत लाकडावरच येऊन बसते. पोलीस हीच वाफ वापरून वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवतात. त्यांचं ठीक आहे, मला पेन विकायचं असतं.

पण एप्रिल-मेमध्ये केलेल्या पेनांनी मत बदलायला लावलं. तेच किट, तोच फणस, तोच शिसम. एक पेन मालवणला मामेभावाकडे आहे. तो मासळीच्या लिलावात नोंदी ठेवतो. बर्फाचं पाणी, खारं पाणी, खवल्यांचे हात, सगळं त्या पेनाने पाहिलं. क्लिपचा मुलामा उडाला, लाकडावरची चकाकी जशीच्या तशी.

त्याच सुमारास शेलॅकच्या फ्रिक्शन पॉलिशने (फिरत्या लाकडावर कापडाने घासून लावतात ते) केलेली पेनं मात्र गणपतीपर्यंत बोटं लागतात तिथे मंद झाली. दिसायला ते पॉलिश सीएपेक्षा सुंदर, हे मान्य. लाकूड लाकडासारखं दिसतं आणि दहा मिनिटांत काम आटपतं. पण शेलॅक म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तिला घाम सोसत नाही, उष्णता सोसत नाही, आणि सॅनिटायझर तर अल्कोहोलचाच. कुणी म्हणेल, सावंतवाडीची लाखेची खेळणी कशी वर्षानुवर्षं चकाकतात? लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून जाड थर बसतो. पेनावरचा स्पिरिटचा थर त्यापुढे काहीच नाही. शिवाय शोकेसमधल्या लाकडी आंब्याने कोणी हिशेब लिहीत नाही.

(शेजारचे काका दर वेळी सांगतात, खोबरेल चोळ. खोबरेल वाळत नाही. धूळ धरतं आणि पुढे खवट वास मारतं. वाळणारं तेल हवं तर जवसाचं. पण त्याच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात.)

तर किट चांगलं आहे, कोकणातला पावसाळा त्याचा नाही. तरी करायचंच असेल तर उघडीप बघून करा. अ‍ॅक्टिव्हेटर बाजूला ठेवा, थर पातळ घ्या, खिडकी उघडी आणि पंखा सुरू. वाफ डोळ्यांनाही झोंबते. लावायला टिश्यू पेपर घ्या. सुती कापडावर सीए सांडलं तर चटका बसेल इतकं तापतं. शिसम आणि सागवान तेलकट, म्हणून आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, नाहीतर थर धरत नाही.

दुसरी उणीव टोकांची. मायक्रो-मेश पाण्यात भिजवून घासताना पाणी लाकडाच्या टोकातून आत शिरतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी थर कडेपासून सुटायला लागतो. टोकं आधी पातळ सीएने बंद करायची, आणि शेवटचे थर सीए न चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या बुशांवर (लेथवर पेनाचं लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या कड्यांवर) द्यायचे. हे बुश किटमध्ये द्यायला हवे होते. वेगळे घ्यावे लागतात, म्हणजे पुन्हा कुरिअरचे पैसे.

मोठी बाटली ग्रॅममागे स्वस्त दिसते, पण फोडल्यावर संपायच्या आत गोठते. आठवड्याला एखाद-दुसरं पेन करणाऱ्याने लहानच घ्यावी. फिनिशला पाच तारे, झाकणाला शून्य; अडीच देता येत नाहीत म्हणून तीन. कस्टमर केअरने शेवटी एक कूपन पाठवलं, फक्त मोठ्या बाटलीवर चालणारं.