मालवणच्या पाण्यात कोणता कॅमेरा न्यावा?

पाऊस सरला की गगनबावड्याचा घाट उतरून मालवण गाठणारी आमच्या कोल्हापूरची मंडळी हल्ली एकच विचारतात: गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा घ्यावा की ऑलिम्पसचा टीजी हा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा? मी आधी दोन हंगाम अ‍ॅक्शन कॅमेरा वापरला, आता टीजी-६ वापरतो.

नुसता व्हिडिओ हवा असेल तर अ‍ॅक्शन कॅमेराच घ्या. हात कितीही हलला तरी चित्र स्थिर येतं, आणि सोबतचे मित्र, माशांचा थवा सगळं एका चौकटीत मावतं. टीजी नुसता १५ मीटरपर्यंत चालतो, हाउसिंगमध्ये, म्हणजे वरून घालायच्या पाणीरोधक कवचात, ४५. पहिल्या-दुसऱ्या डाइव्हला एवढी खोली पुरून उरते.

माझं अडलं ते जवळच्या फोटोंपाशी. आपल्या किनाऱ्याचं पाणी काही अंदमानसारखं नितळ नाही. चार-पाच मीटरवरचा मासासुद्धा कित्येकदा धुरकट दिसतो. म्हणजे फोटो हवा तर मधलं पाणी कमी करायचं, वस्तूच्या अगदी जवळ जायचं. आणि माझ्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा फोकस कायमचा बांधलेला. फूटभराच्या आत गेलं की चित्र मऊ पडायचं. एकदा खडकावर बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय दिसली. मी वीसेक फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिले, तर एकातही तिची शिंगं धड दिसेनात. फार हळहळ वाटली. टीजीचा मायक्रोस्कोप मोड भिंगापासून एक सेंटिमीटरवरचंही टिपतो. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. तुम्हाला बारीक जिवांची ओढ नसेल तर कदाचित हे एवढं खुपणार नाही.

टीजीची निगा मात्र जास्त. हाउसिंगच्या ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाची फट बंद करणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस जरी अडकला तरी पाणी शिरू शकतं. म्हणून कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून, ते आधी घरच्या बादलीत बुडवून बघा. समोरचा फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर पाण्यातले कण उजळून फोटोभर पांढरे ठिपके येतात. टॉर्च बाजूनं धरा. एकदा होडीवर दमट हवेत मी घाईनं हाउसिंग उघडून बॅटरी बदलली, आणि खाली गेल्यावर काच आतून धुकटली. तेव्हापासून सकाळी खोलीत एसी लावून, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकूनच ते बंद करतो आणि वर येईपर्यंत उघडत नाही.

आता नवा घेणार असाल तर २०२३ साली आलेला टीजी-७ पाहा. त्याला टीजी-६चंच हाउसिंग बसतं, त्यामुळे कुणाचं जुनं मिळालं तरी चालेल. ओ-रिंग तेवढी नवी घाला.