फोटो एडिटिंग शिकायला गेलो आणि वकिलाची नोटीस आली

ज्यांना सुट्टीत फोटोशॉपचा कोर्स लावायचाय त्यांनी हे वाचा, लांबलंय पण वाचा. क्लासचं नाव लिहीत नाही, तसंही ते लोक नाव सारखं बदलतात, पद्धत तेवढी तीच राहते.

मी सोलापूरला बीकॉम करतो. आमच्याकडे लग्नसराईत अल्बमची आणि वर्षभर कुणा ना कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची कामं एवढी निघतात की थोडंफार एडिटिंग येणारं पोरगं रिकामं बसत नाही, म्हणून शिकायचं होतं. इन्स्टावर जाहिरात दिसली, एका महिन्यात प्रोफेशनल एडिटर, फोटोशॉपचं लाइफटाइम लायसन्स फ्री आणि कोर्स संपला की घरबसल्या काम मिळायची गॅरंटी. फी साडेचार हजार. फोनवर मॅडम एकदम गोड बोलल्या, दोनच सीट राहिल्यात म्हणाल्या (आठवड्याने मित्राने फोन केला तरी दोनच राहिलेल्या).

आधी त्या लायसन्सचं सांगतो. फोटोशॉपचं लाइफटाइम लायसन्स असली वस्तू आता अ‍ॅडोबी ही फोटोशॉपची कंपनी विकतच नाही. 2012 ची सीएस6 ही फोटोशॉपची शेवटची आवृत्ती, जी एकदा पैसे मोजून कायमची घेता यायची, 2013 पासून अ‍ॅडोबीने नवीन फोटोशॉप भाड्यावर नेलं, महिन्याचं नाहीतर वर्षाचं. मग हे फ्री कुठून देतात? तर सरांनी एनीडेस्कवरून (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) माझा लॅपटॉप ताब्यात घेतला, अँटीव्हायरस बंद करायला लावला, "तो उगाच ओरडतो" म्हणाले, लायसन्सची तपासणी चुकवणारा एक छोटा प्रोग्रॅम म्हणजे पॅच चालवला आणि झालं लायसन्स. नंतर इंजिनिअरिंगवाल्या चुलतभावाने बघितलं तर विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये अ‍ॅडोबीच्या सर्व्हरची नावं टाकून रस्ता बंद केलेला, म्हणजे सॉफ्टवेअरने लायसन्स खरं का खोटं हे कंपनीला विचारायचंच नाही. वर अख्खा सी ड्राइव्ह अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळलेला. दादाने लॅपटॉप फॉरमॅट मारला आणि सगळे पासवर्ड मोबाइलवरून बदलायला लावले, कारण असल्या पॅचसोबत ब्राउजरमधले सेव्ह केलेले पासवर्ड उचलणारं काहीतरी येणं अगदी कॉमन आहे.

आता शिकवणं. शिकवणं म्हणजे रेकॉर्डेड व्हिडिओ आणि त्यात सगळं अ‍ॅक्शन आणि प्रीसेटवर, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या स्टेप आणि सेटिंगवर. बटण दाबलं की चेहरा गुळगुळीत, नवरी ओळखू येत नाही एवढी. केसांच्या कडा कशा काढायच्या विचारलं तर "अ‍ॅक्शन लावा", रंग पिवळट येतोय विचारलं तर "दुसरा प्रीसेट लावा". लेयर मास्क (फोटोचा भाग न खोडता नुसता झाकायची सोय) हा शब्द कोर्समध्ये एकदाही आला नाही, बॅकग्राउंड सरळ इरेजरने खोडायचं आणि जेपीजी सेव्ह मारायचं. अहो, इरेजरने खोडून फाइल बंद केली की तो भाग गेला. मास्कमध्ये काळ्या ब्रशने झाकलेलं पांढऱ्या ब्रशने परत आणता येतं, म्हणून नवशिक्याने आधी मास्क शिकायचा असतो. आणि जेपीजी तर दरवेळी एडिट करून सेव्ह केली की थोडी थोडी खराब होत जाते, मूळ काम पीएसडीत, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवायचं असतं. हे मला क्लासने नाही, आमच्या चौकातल्या फ्लेक्सवाल्या दादाने फुकटात सांगितलं.

सगळ्यात भारी म्हणजे एचडीचं लेक्चर. व्हॉट्सअपवर आलेला फोटो घ्यायचा, इमेज साइजमध्ये रिझोल्यूशनला (एका इंचात किती पिक्सेल) 72 च्या जागी 300 टाइप करायचं, झाला एचडी! लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं एक 12 बाय 36 इंचाचं शीट 300 ला छापायचं तर 3600 बाय 10800 पिक्सेल लागतात, ते आकडा टाइप करून येणार कुठून? एकतर फोटो होता तेवढाच राहतो नाहीतर सॉफ्टवेअर अंदाजाने पिक्सेल भरतं आणि छापल्यावर सगळं पुसट. फ्लेक्सवाला दादा हे ऐकून हसून लोळायचा बाकी होता.

तरी इथपर्यंत साडेचार हजारच गेले म्हणून गप्प बसलो असतो, खरा खेळ गॅरंटीवाल्या कामात होता. एक अ‍ॅग्रीमेंट आलं, वर स्टॅम्प पेपरचा फोटो चिकटवलेला, ऑनलाइन सही करा. सात दिवसात 400 फोटोंचं बॅकग्राउंड काढायचं, एका फोटोला 20 रुपये, पण 95 टक्के अ‍ॅक्युरसी पाहिजे, नाही आली तर 5800 रुपये सर्व्हिस चार्ज आपण भरायचा. फोटो कुठले, तर काचेच्या बाटल्या, बारीक नक्षीचे दागिने, मोकळ्या केसांच्या बायका, आणि साइज एवढी छोटी की कड कुठे संपते हे देवालाच माहीत. रात्री जागून दिले. रिपोर्ट काय, तर एक एक्सेल शीट, अ‍ॅक्युरसी 88.4. कुठल्या फोटोत काय चुकलं हे दाखवायला सांगितलं तर "क्यूसी टीमचा (काम तपासणाऱ्यांचा) निर्णय फायनल असतो". जरा विचार करा, आज फोटोशॉपमध्ये, कॅनव्हात, रिमूव्ह बीजीवर एका क्लिकवर बॅकग्राउंड निघतं, मग कुठली कंपनी नवशिक्या पोराला एका फोटोचे 20 रुपये देईल?

मग "वकिलाची" नोटीस, तीही व्हॉट्सअपवर. आजच्या आज पैसे भरा नाहीतर 38 हजारांचा दावा, एफआयआर आणि कॉलेजला पत्र. पप्पांना कळायला नको म्हणून सेटलमेंटचा पहिला हप्ता म्हणून 2900 यूपीआयने गेले. दुसऱ्या दिवशी उरलेल्यासाठी परत फोन सुरू, तेव्हा मित्राच्या वकील काकांना दाखवलं. काका लेटरहेड बघूनच हसायला लागले, वर लिहिलेलं "हायकोर्ट, सोलापूर". सोलापूरला हायकोर्टच नाही, आपला जिल्हा 2025 पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. बाकी त्यांनी सांगितलं ते असं की काम नीट झालं नाही हा दिवाणी विषय, त्यासाठी कुणी अटक करत नाही, आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये दंडाचा आकडा काहीही लिहिला तरी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. आमच्या बॅचमधल्या एका सतरा वर्षांच्या पोरालाही तीच नोटीस आलेली, अठराच्या आतल्या मुलाचा करार तर मुळात चालतच नाही. तो बिचारा आजीकडून पैसे मागायच्या तयारीत होता.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा, तो लगेच मागतात, आणि जितक्या लवकर कराल तितकं पैसे समोरच्या खात्यात अडकवून ठेवायचा चान्स जास्त. चॅट, नोटीस, एक्सेल काहीही डिलीट करू नका. कोर्सच्या फीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 वेगळी आहे, आणि ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या केसला फी लागत नाही. माझे 2900 बँकेत होल्डला दाखवतायत, अजून हातात नाहीत. फीचं काही झालेलं नाही.

शिकणं चालू आहे, फोटोपीवर आणि जिम्पवर, दोन्ही फुकट, फोटोपी तर ब्राउजरमध्येच उघडतं आणि पीएसडी पण घेतं. संध्याकाळी फ्लेक्सवाल्या दादाकडे बसतो.

तक्रारीचा नंबर मिळाल्यावर तो त्याच व्हॉट्सअपवर त्या वकिलाला पाठवून दिला, साहेबांनी डीपी काढला आणि मला ब्लॉक केलं.