अंगावरच्या पित्तासाठी पाळीची विचारपूस करणारी ओपीडी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा नागपूरहून त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडम येतात आणि एका खासगी दवाखान्यात रुग्ण तपासतात. अंगावर वारंवार पित्त उठणाऱ्या बायकांना मी ही ओपीडी मनापासून सुचवते, आणि त्याचे मुख्य कारण तिथली विचारपूस हे आहे.

माझ्या धाकट्या जावेला कापसाच्या वेचणीत हा त्रास सुरू झाला. घरच्यांनी कधी वांग्याला दोष दिला, कधी फवारणीला, कधी गाजरगवताला. गेरू लावून झाला, आमसुलाचे पाणीही झाले. मॅडमनी मात्र पहिल्याच भेटीत विचारले की पाळीच्या आधी गांधी (अंगावर उठणारे खाजरे, सुजलेले चट्टे) वाढतात का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, बाळंतपणानंतर त्रासात काही फरक पडला का. पाळीत पोट दुखले तर कोणती गोळी घेता, हा त्यांचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनीही अनेकांचे पित्त भडकते आणि दोष पाळीचा की गोळीचा, हे वेगळे काढावे लागते.

सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारे पित्त जुनाट मानतात आणि ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळते. त्वचेतील मास्ट या संरक्षक पेशींमधून हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारे रसायन बाहेर पडले की गांधी उठतात. या पेशी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सना प्रतिसाद देतात, त्यामुळे काही जणींचा त्रास पाळी किंवा गर्भारपणाबरोबर कमी-जास्त होतो. क्वचित एखादीचे शरीर स्वतःच्याच प्रोजेस्टेरॉनवर उलटते. तिचे पुरळ पाळीआधी उठते आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरते. हे सारे समजावूनही मॅडमनी सगळे खापर हार्मोन्सवर फोडले नाही, याचे मला समाधान वाटले. जुनाट पित्तात बरेचदा शरीराची प्रतिकारशक्तीच बिघडलेली असते आणि अशा रुग्णांत थायरॉईडचा विकारही अधिक दिसतो. म्हणून त्यांनी तपासण्यांची लांबलचक यादी न देता रक्ताच्या नेहमीच्या तपासणीबरोबर टीएसएच आणि अँटी-टीपीओ या थायरॉईडच्या दोन तपासण्या एवढेच लिहून दिले.

त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या गांधी आणि खाज यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण देऊन शेजारी पाळीच्या तारखा लिहायला सांगितल्या. काही महिन्यांच्या नोंदींवरून पाळीआधीच्या दिवसांत त्रास वाढतो, हे आम्हाला स्वच्छ दिसले. उपचारात हिस्टामिनला रोखणारी, फारशी गुंगी न आणणारी बिलास्टिनची गोळी, गांधी नसतानाही रोज घ्यायची होती. दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला गुंगी परवडत नाही. मात्रा गरजेप्रमाणे चौपटीपर्यंत वाढवता येते, परंतु ती डॉक्टरांनीच वाढवायची असते. पूर्वी दुसरीकडे मिळालेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तात्पुरता आराम पडे आणि त्रास पुन्हा उलटे. इथे ते इंजेक्शन दिले नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तपासणीच्या टेबलापुढे फक्त एक पडदा आहे आणि बाकावर बसलेल्यांना आतले बोलणे ऐकू येते. सासू बाहेर बसलेली असताना पाळीविषयी किंवा गर्भनिरोधक गोळीविषयी खरे उत्तर किती सुना देतील? ज्या प्रश्नांमुळे ही ओपीडी वेगळी ठरते, ते प्रश्न सिस्टरांनी बंद खोलीत विचारावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रक्ताचे नमुने यवतमाळला जातात, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. गोळ्यांनी न आवरणाऱ्या पित्तावरचे ओमॅलिझुमॅबचे इंजेक्शन इथे मिळत नाही. त्यासाठी नागपूर गाठावे लागते आणि त्याचा खर्च शेतकरी कुटुंबाला पेलणारा नाही.

जाताना पाळीच्या तारखा, चालू गोळ्यांची पाकिटे आणि मोबाइलवर काढलेले गांधींचे फोटो सोबत न्यावेत, कारण एकेक गांध साधारणपणे 24 तासांच्या आत विरते आणि डॉक्टरांपुढे अंग कोरे दिसते. गर्भवती असाल तर ते आधीच सांगावे, म्हणजे गोळी त्याप्रमाणे निवडता येते. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर मात्र ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता 108 वर रुग्णवाहिका बोलावून जवळच्या रुग्णालयात जावे.