यूव्हीबीच्या नावाखाली पाच वॅटचा निळा दिवा

ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात कुणाचं टाकलेलं कासव घरी आणलंत आणि मोबाइलवर दोनदा ‘टर्टल टँक’ शोधलंत, की एक जाहिरात मागे लागते: ‘कम्प्लीट टर्टल सेटअप, घरपोच, फिटिंग फ्री, रेस्क्यू करणाऱ्यांना खास डिस्काउंट’. माझे त्यात १४,५०० रुपये गेले. पैशांचं वाईट वाटतंच. पण या फसवणुकीत खरा मार कासवाच्या हाडांना बसतो आणि तो कित्येक आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतलं समोरचं बिऱ्हाड पुण्याला निघालं होतं. सामान टेम्पोत चढलं, कासव मात्र ड्राय बाल्कनीत, कपडे भिजवायच्या टबात, तीन बोटं पाण्यात. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही ठेवता का? नाहीतर हे जाताना उपवन तलावात सोडणार आहेत.” वास्तूसाठी आणलेलं कासव, उत्तर दिशेला ठेवलं की पैसा टिकतो म्हणून. (देवळाच्या मंडपातल्या दगडी कासवाला निदान रोज कुणीतरी हात तरी लावतं.) दुकानदाराने देताना सांगितलं होतं, “हे एवढंच राहतं.” ही या धंद्यातली सगळ्यात जुनी थाप. नाण्याएवढं विकलं जाणारं ते पिल्लू रेड-इअर्ड स्लायडर असतं. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादी दहा-बारा इंचांपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगते.

डोळ्यामागचा लाल पट्टा बघून मी आधी खात्री करून घेतली की हे स्लायडरच आहे. हे बघाच. तलावातून, नाल्यातून उचललेलं आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव किंवा तारका कासव असेल तर ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि त्यांच्या ताब्यात द्यायचं. स्लायडरचं उलटं आहे. तो पाळता येतो, पण तलावात सोडायचा नाही. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, तो इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायच्या जागा बळकावतो.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीच्या कडेला अंगठा दाबून दाखवला. पाच इंचांचं कासव आणि कवच जाड पुठ्ठ्यासारखं किंचित आत जात होतं. डोळे सुजून मिटलेले. वर्षानुवर्षं एकच खाणं, डबीतले वाळवलेले झिंगे, आणि ऊन शून्य. डोळे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, कवच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण अंगावर यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, पडल्याशिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम हाडात जायचं नाही. खोल स्वच्छ पाणी, पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा ओटा, त्यावर साधारण ३२ ते ३५ अंशांची ऊब आणि यूव्हीबी ट्यूब. एवढं सांगितलं आणि मी शोधायला लागले.

इथून पुढे तो जाहिरातवाला. पेजवर टँकचे सुंदर व्हिडिओ, खाली “थँक यू दादा” छापाच्या कमेंट. मेसेज केल्यावर पाच मिनिटांत फोन. बोलायला इतका गोड की काय सांगू. कासवाचा फोटो मागवला आणि म्हणाला, “ताई, याचे डोळे बघितले का? उद्या-परवापर्यंत लाइट लागला नाही तर हे जाणार. तुम्ही रेस्क्यू केलंय म्हणून मी खरेदीच्या भावात देतो.” सगळी मेख या वाक्यात आहे. आजारी जनावर घरात असलेल्या माणसाला तो भाव करायला, चार ठिकाणी विचारायला वेळच देत नाही. वास्तविक ज्या कासवाने वर्षानुवर्षं टबात काढली ते दोन दिवस लाइटवाचून मरत नाही. त्याला त्या दोन दिवसांत गच्चीवरचं सकाळचं ऊन मिळालं तरी पुष्कळ. हे डॉक्टरांना फोन करून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं, आणि नेमकं तेच होऊ नये म्हणून ती घाई.

नऊ हजार आगाऊ, यूपीआयवर. खात्याचं नाव दुकानाचं नव्हतं, कुणा बाईचं होतं, “मिसेसचं आहे ताई, जीएसटीचा लफडा नको.” बाकीचे फिटिंगनंतर. बिल व्हॉट्सॲपवर आलं, त्यावर ना पत्ता ना नंबर. नुसतं ‘टर्टल सेटअप फुल – १ नग’.

सामान आलं ते मात्र वेळेवर, हेही सांगायला हवं. चार फूट बाय दीड बाय दीडचा टँक, फिल्टर, तरंगता ओटा, दोन बल्ब, कासवाच्या आकाराचा पांढरा कॅल्शियम ब्लॉक आणि डोळ्यांसाठी निळ्या औषधाची बाटली. फिटिंगला आलेला मुलगा कामसू, चहा घेतला, फरशीसुद्धा पुसून दिली. कासव त्या खोल पाण्यात पहिल्यांदा पोहलं तेव्हा आमच्या सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. एका बल्बवर ‘यूव्हीबी १०.० – २६ वॅट’ असा स्टिकर. लावला की गर्द निळा उजेड. “निळा दिसतोय ना, तोच यूव्ही,” मुलगा म्हणाला.

यूव्हीबी डोळ्यांना दिसतच नाही. निळा रंग आणि यूव्हीबी यांचा काही संबंध नाही, आणि या अज्ञानावरच हा माल खपतो.

काही आठवड्यांनी डोळे उघडले, कारण औषध डॉक्टरांचं होतं. (ती निळी बाटली त्यांनी बघताक्षणी बाजूला ठेवायला सांगितली.) पण कवच तसंच मऊ, एक्स-रेमध्ये हाडं अजून फिकट. डॉक्टरांनी लाइटबद्दल विचारलं आणि कोपरखैरण्याच्या एका मुलाचा नंबर दिला. तो घरी सरडे पाळतो आणि त्याच्याकडे यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर, मोजायचा मीटर आहे. तो आला, बॅगेतून हातभर लांबीची आपली ट्यूब काढली, रिफ्लेक्टरसकट लावली आणि फूटभर अंतरावर मीटर धरला. आकडा दोनच्या वर. मग माझ्या निळ्या बल्बखाली धरला. शून्य. जवळ नेला, अगदी टेकवला, तरी शून्य. गच्चीवर गेलो, मार्चअखेरचं साडेनऊचं ऊन, तिथे तीनच्या आसपास. खाली येऊन हॉलच्या बंद खिडकीच्या काचेआड उन्हाच्या तुकड्यात धरला, पुन्हा शून्य. साधी काच यूव्हीबी अडवते, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. ‘आमचा टँक खिडकीपाशी आहे, ऊन येतं’ म्हणणाऱ्यांनी खिडकी उघडून बघावी.

मग त्याने बल्ब हातात घेऊन नखाने वाजवला आणि मला म्हणाला, “काकू, ऐका.” ठक्‌. प्लास्टिक. खरा यूव्हीबी बल्ब किंवा ट्यूब खास काचेची असते, ज्यातून ते किरण बाहेर पडू शकतात. वर प्लास्टिकचा दुधी घुमट असेल तर आत काहीही असलं तरी यूव्हीबी बाहेर येणार नाही. इतकी सोपी परीक्षा, आणि दुकानातच करता येते. आमच्या इलेक्ट्रिशियनने घुमट उचकटला तर आत गोल पट्टीवर निळ्या एलईडीचे ठिपके. २६ वॅट म्हणून दिलेला बल्ब विजेच्या मीटरवर पाच वॅट दाखवत होता. सोसायटीच्या गणपतीला माळेत लावतो ना, त्यातलाच.

एकदा संशय आला की बाकीचंही दिसायला लागतं. काच १० मिमी सांगितलेली, कडेला फूटपट्टी लावली तर सहा. या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ अडीचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे काचेवर आणि स्टँडवर अडीचशे किलो. तो आता आम्ही अर्धाच भरतो आणि रात्री त्या खोलीत कुणी झोपत नाही. कॅल्शियम ब्लॉक म्हणजे बहुतेक प्लास्टरच. त्याऐवजी डॉक्टरांनी समुद्रफेस, म्हणजे कटलफिशच्या पाठीतलं पांढरं हाड, आणायला सांगितला. बाजारपेठेत काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, मागचा कडक भाग काढून तुकडा पाण्यात टाकायचा. कासव कुरतडतं, आणि दामही किरकोळ.

फोन केला. पहिल्यांदा, “ताई, लाइटला टेस्टिंग वॉरंटी असते, चालू होता ना?” दुसऱ्यांदा मीटरचा फोटो पाठवला तर, “ते चायना मीटर असतात, काहीही दाखवतात.” तिसऱ्यांदा फोन लागेना, आणि पेज नव्या नावाने सुरू झालेलं एका ओळखीच्यांनी दाखवलं. व्हिडिओ तेच.

याच सुमाराला आणखी एक तऱ्हा कळली. कासवाबद्दल मी दोन ग्रुपवर विचारणा केली होती, त्यावर एकाचा मेसेज आला: सांभाळणं जमत नसेल तर आमच्या ‘सेंटर’ला द्या, सरेंडर फी २,००० रुपये. सेंटर कुठे आहे, बघायला येऊ का, असं विचारल्यावर ‘व्हिजिटर अलाउड नाही’. परवानगीचं पत्र मागितलं तर गप्प. अशी कासवं पुढे तलावात जातात की पुन्हा विक्रीला, हे ज्याने त्याने ओळखावं.

घ्यायचंच असेल तर असं घ्या. ट्यूबवर कंपनीचं नाव, ५.० किंवा १०.० सारखा यूव्हीबीचा आकडा आणि वॅट काचेवरच छापलेले असतात, वेगळ्या स्टिकरवर नाही. सोबत रिफ्लेक्टर लागतो, आणि मध्ये काच किंवा ॲक्रिलिकचं झाकण चालत नाही. जाळीसुद्धा बराच भाग खाते. उजेड वर्षभरानंतरही चालू राहतो, पण यूव्हीबी त्याआधीच उतरलेलं असतं, म्हणून ट्यूब बदलायची तारीख लिहून ठेवायची. ‘यूव्ही’ म्हणून पाणी निर्जंतुक करायचा दिवाही विकतात. त्यातून यूव्हीसी हे वेगळेच, घातक किरण निघतात; तो उघडा लावला तर कासवाच्या आणि आपल्या डोळ्यांना इजा होईल. मला खरी ट्यूब आणि रिफ्लेक्टर मिळून चार हजारांच्या पुढे पडले, म्हणजे संपूर्ण ‘पॅकेज’मध्ये ती फुकटासारखी येते तेव्हाच शंका यायला हवी. पाणी कवचाच्या दर इंचाला ४० लिटर धरतात आणि फिल्टर टँकच्या दुप्पट क्षमतेचा घेतात, कारण कासव माशांपेक्षा कितीतरी घाण करतं. उन्हाळ्या-हिवाळ्यात सकाळी गच्चीवर टबात बसवलं तर उत्तम, अर्ध्या टबावर सावली ठेवून, आणि सोबत बसून. आमच्याकडे घार दोनदा घिरट्या घालून गेली. काचेचा टँक मात्र उन्हात ठेवू नका, आतलं पाणी बघता बघता तापतं. जून ते सप्टेंबर ठाण्यात ऊन कुठलं, तेव्हा ट्यूबच. आणि टँकचं काम झालं की साबणाने हात. कासवांवाटे पसरणाऱ्या साल्मोनेला या जंतूच्याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांखालच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. टँकचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही, यावरून आमच्याकडे एक भांडण झालेलं आहे.

खऱ्या ट्यूबखाली कवचाची कड आता घट्ट लागते. मागच्या बाजूचा खड्डा राहणार, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं.

पैशांचं म्हणाल तर १९३० वर सायबर तक्रार नोंदवली, पण तिथे पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खातं गोठवायची काही आशा असते. मला कळेपर्यंत खातं रिकामं होतं. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन रस्ता सांगते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. मी ठाण्याच्या आयोगात अर्ज तयार केला आहे. त्यासाठी यूपीआयच्या नोंदी, चॅट, पेजचे स्क्रीनशॉट, मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ, उचकटलेला बल्ब, सगळं जमवलं. मदत करणाऱ्या वकीलताईंनी एकच गोष्ट मागितली जी माझ्याकडे नाही, बल्बचं खोकं. तुमच्याकडे आलेली सगळी खोकी ठेवा. माझी त्या कामसू मुलाने फरशी पुसून झाल्यावर, “कचरा मीच खाली टाकतो ताई,” म्हणत उचलून नेली.