डर्मॉइड शस्त्रक्रियेतली एंडोबॅग: आतड्याच्या दृष्टीने परीक्षण

अंडाशयाची डर्मॉइड गाठ (केस, चरबी, कधी दात-हाडही असलेली गाठ) दुर्बिणीतून काढताना एंडोबॅग (गाठ पोटातच आत घेऊन बाहेर काढायची पिशवी) वापरावीच, असं आमचं स्पष्ट मत. गाठीतला तेलकट द्रव आणि केस पोटात सांडले तर क्वचित रासायनिक पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) होतो. मग आतडी एकमेकांना चिकटतात, पुढे आतड्यात अडथळाही येऊ शकतो. हे दुर्मिळ आहे, पण झालं तर रुग्णाला फार सोसावं लागतं.

कड्याची, आपोआप उघडणारी पिशवी उत्तम. ती १० ते १२ मिमी पोर्टमधून (पोटाच्या छेदात बसवलेल्या नळीतून) जाते. अंडाशय पिशवीच्या तोंडावर धरूनच गाठ सोलायला घ्यावी, म्हणजे गळती आतच राहते. पिशवीचं तोंड त्वचेबाहेर आल्यावर आधी द्रव शोषून घ्यावा. केसांनी सक्शन तुंबतं, म्हणून रुंद नळी हवी. उणीव एकच पण मोठी: गाठीतल्या दाताच्या किंवा हाडाच्या टोकाने, किंवा जोरात ओढल्याने पातळ पिशवी फाटते. त्यापेक्षा छेद थोडा वाढवणं केव्हाही बरं.

सांडलंच तर कोमट सलाइनने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, काही लिटर धुवावं. गार सलाइनने चरबी थिजते.

गाठ आधीच सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याच्या गुदाशयाआधीच्या वळणदार भागात) किंवा गुदाशयात फुटलेली असेल तर मात्र पिशवी पुरत नाही. शौचावाटे केस किंवा रक्त जाणं, सीटीत गाठीत हवा दिसणं या त्याच्या खुणा. अशा वेळी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आणि आतड्याचा सर्जन हवाच. कर्करोगाची शक्यताही तपासावी.