रेसलमेनिया एक्स-सेव्हन: अकरा सामने, चार वैरं आणि ऑस्टिनचं हस्तांदोलन

१ एप्रिल २००१, रविवार. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, ६७,९२५ प्रेक्षक. डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कुस्ती कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा शो, रेसलमेनिया. व्यावसायिक कुस्तीचा, म्हणजे निकाल आधी ठरवून कथेसारख्या रंगवलेल्या लढतींचा, कुठला एकच शो पाहावा असं नवख्या प्रेक्षकाने विचारलं, तर उत्तर आजही हाच. प्रत्येक सामना थोर आहे म्हणून नव्हे, दोन-तीन तर सरळ गाळण्यासारखे आहेत. पण इथे सामने लावण्याचा क्रम फार नेमका आहे, आणि मोठ्या सामन्यांत उतरलेल्या प्रत्येकाला तिथे येण्याचं स्वतःचं कारण आहे. कुस्तीत डाव शिकवता येतात. कारण मात्र महिनोन् महिने रुजवावं लागतं.

आधी वेळेची परिस्थिती. डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याच मार्चमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली होती, आणि २६ मार्चला नायट्रो या तिच्या सोमवारच्या टीव्ही शोचा शेवटचा भाग झाला होता. म्हणजे दोन कंपन्यांच्या शोंमधलं सोमवारच्या रात्रीचं युद्ध संपून आठवडाही झाला नव्हता. कॉमेंट्रीला जिम रॉसच्या शेजारी जेरी लॉलर नाही, पॉल हेमन आहे. लॉलर नुकताच कंपनी सोडून गेला होता. ही जोडी शोला मोठा आधार देते. रॉस भावनेने बोलतो, हेमन डावपेच उलगडतो, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही ते ऐकू येतं. शक्य असेल तर हेडफोन लावून पाहा.

सुरुवात ख्रिस जेरिको आणि विल्यम रीगल यांच्या इंटरकॉन्टिनेन्टल पट्ट्याच्या (दुय्यम विजेतेपदाच्या) लढतीने होते. जेमतेम सात मिनिटं. रीगल जेरिकोच्या दुखऱ्या खांद्यावर सतत मारा करतो, कोपऱ्याचं पॅडिंग काढतो, आणि शेवटी जेरिको लायनसॉल्टवर (दोरांवरून मागे उलटी उडी) जिंकतो. पहिल्या सामन्याचं काम गर्दीला जागं करण्याचं असतं, ते चोख होतं. त्यानंतरचा राइट टू सेन्सॉर या गटाचा सहा जणांचा सामना निघून गेला तरी काही बिघडत नाही. केन, रेव्हन आणि बिग शो यांची हार्डकोअर (नियमांविना, कुठेही लढायची) लढत मात्र पाहा. ती रिंगमध्ये थांबतच नाही, पडद्यामागे गोल्फच्या गाड्यांपर्यंत जाते, आणि केन दोघांना स्टेजवरून खाली लोटून वर उडी घेतो. एडी गरेरो आणि टेस्ट यांच्या युरोपियन पट्ट्याच्या लढतीत टेस्टचा पाय दोरांत अडकतो आणि काही क्षण सगळं थबकतं. एडी तेवढ्या वेळात प्रसंग कसा सांभाळून घेतो, ते बघण्यासारखं आहे. सामना कोसळू न देणं हे या धंद्यातलं मोठं कौशल्य, आणि ते बहुतेकदा प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

कर्ट अँगल विरुद्ध ख्रिस बेन्वा ही चौदा मिनिटांची लढत आहे. अँगल १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता, आणि सुरुवातीची काही मिनिटं दोघं ठोसा न मारता निव्वळ जमिनीवरची पकड-सुटका करतात. गंमत अशी की, या खेळात बेन्वा वरचढ ठरू लागतो आणि ऑलिम्पिकवीर वैतागून आधी हात उगारतो. कोण श्रेष्ठ हा वाद अशा रीतीने एकही वाक्य न बोलता मांडला जातो. पुढे दोघं एकमेकांचेच डाव एकमेकांवर लावतात. रेफरी पडलेला असताना अँगल टॅप करतो (शरण जातो), पण ते पाहायला कोणी नसतं, आणि शेवटी अँगल चड्डी ओढून रोल-अपवर (अंग गुंडाळून खांदे टेकवणं) जिंकतो. लढत म्हणून ही रात्रीतली सर्वांत तांत्रिक. बेन्वाने २००७ मध्ये पत्नी आणि मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्यामुळे ही लढत पाहावी की गाळावी हे ज्याचं त्याने ठरवावं. गाळली तरी पुढच्या कुठल्याही सामन्याचा धागा तुटत नाही.

कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहन आणि मुलगा शेन या बापलेकांचा स्ट्रीट फाइट (नियम नसलेली मारामारी) पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा: दोघंही पेशाने कुस्तीगीर नाहीत. म्हणून सगळा भार कथेवर टाकलाय. व्हिन्सने पत्नी लिंडाला औषधं देऊन व्हीलचेअरवर सुन्न बसवून ठेवलंय, ट्रिश स्ट्रॅटसचा जाहीर अपमान केलाय, मुलगी स्टेफनी त्याच्या बाजूने आहे, आणि शेनने कथेत डब्ल्यूसीडब्ल्यू बापाच्या नाकावर टिच्चून विकत घेतलीय. रेफरी मिक फोली, ज्याचं व्हिन्सशी स्वतःचं जुनं देणं आहे. एवढी बिलं एकाच सामन्यात फेडायची. ट्रिश उलटते, फोली हात धुऊन घेतो, आणि मग लिंडा खुर्चीतून उभी राहते. त्या क्षणाला अख्ख्या स्टेडियममधून जो आवाज उठतो तो मोठ्यात मोठ्या फिनिशरलाही (सामना संपवणाऱ्या ठरलेल्या डावालाही) क्वचित मिळतो. शेवटी शेन एका कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यापर्यंत झेप घेऊन कचऱ्याच्या डब्यासकट बापाच्या तोंडावर आदळतो.

टेबल, लॅडर आणि चेअर्स, म्हणजे टीएलसी: वर टांगलेले पट्टे शिडी चढून काढायचे, आणि टेबल-खुर्च्या हत्यार म्हणून चालतात. एज-ख्रिश्चन, हार्डी बंधू आणि डडली बंधू या तिघा जोड्यांचं वैर आधीच्या रेसलमेनियातल्या शिडीच्या लढतीपासून चालत आलेलं. ऑगस्ट २००० च्या समरस्लॅममध्ये पहिली टीएलसी झाली, ही दुसरी. इथे प्रत्येक जोडीचा एकेक साथीदारही उतरतो: रायनो, लिटा, स्पाइक डडली. सोळा मिनिटांच्या आत.

या प्रकारात काय चुकू शकतं ते जाणून पाहिलं तर लढतीची किंमत वाढते. टेबल मध्यभागी तुटतं. अंग पायाजवळ पडलं की फळी तशीच राहते आणि पाठीचा कणा तिच्यावर आपटतो. शिडी पूर्ण उघडली नसेल तर वर चढणाऱ्याच्या वजनाने ती बाजूला झुकते. आणि पडताना हनुवटी छातीशी टेकवली नाही, तर मानेला झटका बसतो. इथला सर्वांत गाजलेला क्षण बघा: जेफ हार्डी वर टांगलेल्या पट्ट्यांना धरून हवेत लोंबकळतोय, खालची शिडी गेलीय, आणि एज दुसऱ्या शिडीवरून झेपावून त्याला हवेतच स्पिअर (खांद्याने पोटात धडक) मारतो. जेफने हात सोडण्याचा क्षण आणि एजचा खांदा लागण्याचा क्षण एकच असावा लागतो. जेफने आधी सोडलं तर एज हवेत एकटाच. उशिरा सोडलं तर खांदे निखळायची वेळ. दोघंही एकत्र पडतात, हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं फळ. दुसरीकडे रायनो शिडी ढकलतो आणि मॅट हार्डी व बबा रे रिंगबाहेर रचलेल्या टेबलांवर कोसळतात. रायनोच्याच मदतीने पट्टे एज-ख्रिश्चनकडे जातात.

यानंतर लगेच जुन्या पात्रांची बॅटल रॉयल (सगळे एकदम रिंगमध्ये, शेवटी उरेल तो विजेता) ठेवलीय, आणि क्रम लावणाऱ्याची हुशारी इथे दिसते. टीएलसीने गर्दी पिळून निघालेली असते, तिला श्वास घ्यायला सोपं, हसरं काहीतरी हवं. जीन ओकरलंड आणि बॉबी हीनन कॉमेंट्रीला येतात, आयर्न शेख जिंकतो, सार्जंट स्लॉटर त्याला कोब्रा क्लच या गळ्याच्या पकडीत धरतो. बस्स. ज्याला या माणसांची ओळख नाही त्याने चहा करून यावा.

अंडरटेकर विरुद्ध ट्रिपल एच. ट्रिपल एचचं म्हणणं, आपण सगळ्यांना हरवलंय, आता कोणी उरलं नाही. अंडरटेकरचं म्हणणं, मला कुठे हरवलंस? एवढ्यावर वैर उभं राहतं आणि पुरतं. मोटरहेड बँड प्रत्यक्ष मंचावर वाजवत ट्रिपल एचला आत आणतो, अंडरटेकर मोटरसायकलवरून येतो, आणि गाव त्याचंच: तो ह्यूस्टनचा. लढत अठरा मिनिटांची, गर्दीत घुसून तांत्रिक टॉवरपर्यंत जाणारी. दोष एक आहे आणि तो ठळक आहे. प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकवल्यावर जिंकायला रेफरीची तीनपर्यंत मोजणी लागते; ती दोनवरच थांबली म्हणून चिडलेला अंडरटेकर रेफरी माइक चिओडाला आडवा करतो, आणि मग चिओडा इतका वेळ निपचित राहतो की नियमांचा विसर पडावा. हा सामना नो डिस्क्वालिफिकेशन (नियमभंग केला तरी कोणी बाद होत नाही असा) नव्हता, म्हणून हातोडा आणि टॉवरवरची पडझड घडवायला रेफरीला झोपवणं भाग होतं. साधा उपाय म्हणजे सामन्याची अटच बदलायची. पण मग पुढच्या मुख्य सामन्यातल्या त्याच घोषणेची धार गेली असती. शेवट मात्र अव्वल. ट्रिपल एच कोपऱ्यात वर चढून ठोसे मोजत असतो, आणि अंडरटेकर त्याच अवस्थेत त्याला उचलून लास्ट राइड (उंचावरून पाठीवर आपटणं) देतो. रेसलमेनियात अंडरटेकरचा हा नववा विजय, पराभव शून्य. या आकड्याला ‘स्ट्रीक’ म्हणून मोठेपण पुढे मिळालं.

आता ज्यासाठी शो पाहायचा ती लढत: स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन विरुद्ध द रॉक. यांचं वैर १९९७ च्या डिसेंबरपासूनचं, तेव्हा पट्टा इंटरकॉन्टिनेन्टलचा होता. २८ मार्च १९९९ च्या रेसलमेनियात ऑस्टिनने रॉकला हरवलं. मग ऑस्टिनच्या मानेची शस्त्रक्रिया झाली, तो जवळपास वर्षभर बाहेर, आणि तेवढ्यात रॉक कंपनीचा चेहरा झाला. परतलेल्या ऑस्टिनने २१ जानेवारी २००१ ची रॉयल रंबल (जिंकणाऱ्याला रेसलमेनियात मुख्य पट्ट्यासाठी लढायला मिळतं ती लढत) जिंकली, ही त्याची तिसरी. २५ फेब्रुवारीला नो वे आउट या शोमध्ये रॉकने अँगलकडून कंपनीचा मुख्य पट्टा घेतला, आणि त्याच रात्री ऑस्टिन ट्रिपल एचकडून तीन टप्प्यांच्या लढतीत दोन-एक असा हरला. हा पराभव पाहिल्याशिवाय ह्यूस्टनला जाऊ नका. तिथूनच ऑस्टिनच्या मनात शंका शिरते. जिम रॉसने दोघांना समोरासमोर बसवून घेतलेल्या मुलाखतीत तो रॉकला सांगतो की, मला तुला हरवणं गरजेचं आहे, तुला कल्पना येणार नाही इतकं. धमकी म्हणून बोललेलं ते वाक्य ऐकताना कबुली वाटतं. मधल्या काळात व्हिन्सने ऑस्टिनची पत्नी डेब्रा हिला रॉकची मॅनेजर नेमण्याचं जे उपकथानक चालवलं, ते कमकुवत आहे आणि शेवटी त्याचं काहीच होत नाही. ते सरळ गाळा.

घंटेच्या आधी हॉवर्ड फिंकल जाहीर करतो की सामना नो डिस्क्वालिफिकेशन आहे. कोणी ठरवलं, का ठरवलं, काही सांगितलं जात नाही. हे उत्तर अठ्ठावीस मिनिटांनी मिळतं.

सामना टप्प्यांत पाहा. सुरुवातीला ऑस्टिन नेहमीसारखाच आक्रमक, टेक्सास त्याचं, आणि काही चूक न केलेल्या रॉकला शिव्याशाप. मग दोघांच्याही कपाळातून रक्त. रॉक शार्पशूटर (पाय अडकवून पाठ मागे वाकवणारी पकड) लावतो, आणि रक्ताळलेल्या ऑस्टिनचा चेहरा पाहताच १९९७ चा रेसलमेनिया आठवतो, जिथे ब्रेट हार्टच्या याच पकडीत तो शरण न जाता बेशुद्ध पडला होता. त्या दिवशी तो लोकांचा लाडका झाला. पुढे ऑस्टिन मिलियन डॉलर ड्रीम ही त्याची जुनी गळ्याची पकड लावतो, आणि रॉक कोपऱ्यावर पाय देऊन मागे उलटतो. १९९६ च्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये ब्रेटने त्याला नेमकं असंच पाडलं होतं. या वेळी तो दोनवर सुटतो. म्हणजे सामना ऑस्टिनला त्याच्याच इतिहासातून पुन्हा चालवतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा आत्मविश्वास थोडा ढासळताना दिसतो. दोघं एकमेकांचे फिनिशरही वापरतात. रॉक उठतोच.

मग व्हिन्स मॅकमहन सावकाश रिंगकडे येतो. रॉकचा पीपल्स एल्बो (कोपर आपटण्याचा डाव) बसतो, पिन (खांदे टेकवणं) चालू असतो, आणि व्हिन्स रॉकला ओढून काढतो. गर्दीला आधी अर्थ लागत नाही, कारण व्हिन्स म्हणजे ऑस्टिनचा आजन्म वैरी. ऑस्टिन व्हिन्सकडे खुर्ची मागतो तेव्हा अर्थ लागतो. स्टनर, म्हणजे ऑस्टिनचा फिनिशर, खाऊनही रॉक सुटल्यावर ऑस्टिन जे खुर्चीचे घाव घालायला लागतो, त्यांची मोजदाद सुटते. त्यांत तंत्र नाही, घाई आहे. जिंकणाऱ्याचे नव्हेत, घाबरलेल्याचे घाव आहेत ते. त्यानंतर पिन, व्हिन्सशी हस्तांदोलन, आणि बिअर. (डोक्यावर खुर्ची मारण्यावर कंपनीने २०१० मध्ये बंदी आणली. आज हे पाहताना अंगावर काटा येतो, तो योग्यच.)

हा शेवट कथा म्हणून निर्दोष आहे, पण जागा चुकीची निवडली. टेक्सासच्या प्रेक्षकाला ऑस्टिन काहीही केलं तरी आपलाच होता, म्हणून खलनायक जन्माला येत असताना स्टेडियम जल्लोष करतं. दुसऱ्या दिवशी फोर्ट वर्थला झालेल्या रॉमध्ये (कंपनीचा सोमवारचा टीव्ही शो) ट्रिपल एचही ऑस्टिनला सामील झाला. रॉक चित्रीकरणासाठी निघून गेल्यामुळे या नव्या खलनायकासमोर उभा राहायला तितक्या वजनाचा नायकच उरला नाही. लोकांना ऑस्टिनचा तिरस्कार करायला शिकवण्यात पुढचे महिने गेले आणि ते पुरतं जमलं नाही. ह्यूस्टनऐवजी हेच रॉकच्या बाजूच्या शहरात झालं असतं, तर पहिल्याच रात्री हूटिंग मिळालं असतं.

पाहायची तयारी अशी. शो साडेतीन तासांहून लांब आहे, एका बैठकीत जमत नसेल तर बॅटल रॉयलनंतर थांबा आणि शेवटचे दोन सामने दुसऱ्या दिवशी. आधी रंबलची शेवटची वीस मिनिटं आणि नो वे आउटमधली ऑस्टिन-ट्रिपल एच लढत. जुनी डीव्हीडी घेत असाल तर आवृत्तीचं वर्ष तपासा: त्याच आद्याक्षरांच्या वन्यजीव संस्थेशी झालेल्या नावाच्या खटल्यामुळे २००२ नंतर बरीच वर्षं जुन्या चित्रफितींतलं डब्ल्यूडब्ल्यूएफचं बोधचिन्ह धूसर केलेलं असे, २०१२ नंतर ती अडचण सुटली.

आणि हे आवडलं तर ३० मार्च २००३ चा सिॲटलचा रेसलमेनिया लगेच लावा. तिथे भूमिका उलटल्या आहेत: रॉक गर्विष्ठ, ऑस्टिन लोकांचा. जिंकायला रॉकला त्याचा फिनिशर, रॉक बॉटम, तीनदा मारावा लागतो. त्यानंतर ऑस्टिन पुन्हा सामन्यात उतरला तो थेट एप्रिल २०२२ मध्ये, आणि तेव्हाही टेक्सासमध्येच.